मनीचा श्वास : निदान न झालेल्या आजाराचं एक प्रकरण

मनी ही नसबंदी झालेली, आखूड केसांची, घरातच राहणारी मांजरी. या नोंदी सुरू झाल्या तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि वजन होतं ५.६ किलो, म्हणजे तिच्या अंगकाठीला चांगलंच जास्त. पिल्लू असताना तिला जोराची सर्दी झाली होती. डोळे चिकटलेले, नाक भरलेलं. त्यातून ती बरी झाली, पण अधूनमधून शिंका आणि डाव्या डोळ्यातून पाणी हे पुढेही चालूच राहिलं. ही जुनी गोष्ट नंतर फार महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगते.

तक्रार अशी होती. ती मध्येच पोटावर दबून बसायची, मान जमिनीलगत पुढे ताणायची, खांदे वर यायचे आणि घशातून कोरडा, खरखरीत आवाज यायचा. सात-आठ ठसके, मग एकदा गिळल्यासारखं करायची आणि उठून चालू लागायची. मांजराचा खोकला ओळखणं अवघड जातं, कारण तो उलटीच्या उमाळ्यासारखा दिसतो. पोटात केस अडकले असतील असं समजून बहुतेक घरांत तो महिनोन्‌महिने तसाच सोडून दिला जातो. आमच्याकडे हे आईच्या लक्षात आलं. "अगं, एवढं करते, पण बाहेर काहीच कसं पडत नाही?" असं तिने विचारलं, आणि ते अगदी नेमकं होतं. उमाळ्यात पोट आत-बाहेर जोरात हलतं आणि शेवटी बहुधा काहीतरी पडतं. खोकल्यात मान लांब होते, अंग आखडतं आणि पडत काहीच नाही.

दुसरी तक्रार नाकाची होती. झोपेत घोरल्यासारखा आवाज, शिंकांची लागोपाठ झड, कधी पांढरट शेंबूड. आणि तिसरी गोष्ट, जी मोजायला लागल्यावरच कळली: झोपेतही तिचा श्वास जलद होता.

आवाज कुठला आणि कधीचा

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधापेक्षा प्रश्नच जास्त विचारले. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? तोंड मिटलेलं असतं का? खाताना वाढतो का? त्यामागचं कारण समजल्यावर घरातल्या सगळ्यांचं ऐकणं बदललं. घोरल्यासारखा जाडसर आवाज बहुतेक वेळा नाकातून किंवा नाकामागच्या पोकळीतून येतो. श्वास घेताना येणारा उंच, ताणलेला आवाज स्वरयंत्राकडे बोट दाखवतो. सोडताना शिट्टीसारखी सूं-सूं आली आणि श्वास सोडायला पोटाचा जोर लागत असला, तर अडचण फुफ्फुसांतल्या बारीक नळ्यांत असण्याची शक्यता जास्त. आणि काहीच आवाज नसताना श्वास उथळ आणि जलद असेल, तर फुफ्फुसांभोवती द्रव साठलाय का, हे आधी बघावं लागतं. आवाज नाही म्हणून धोका नाही, असं मुळीच नसतं.

मनीला घोरणंही होतं आणि खोकलाही. म्हणजे वरचा मार्गही बिघडलेला आणि खालचाही. दोन्हींचं मूळ एकच आहे की एकाच मांजरात दोन वेगळे आजार शेजारी राहतायत, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. तो अजून तसाच आहे.

दवाखान्यात मनी कधीच खोकली नाही. तिथे ती एकतर दगडासारखी गप्प बसायची, नाहीतर घुरघुरायची. घुरघुरणाऱ्या मांजराची छाती स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही, म्हणून डॉक्टर शेजारचा नळ सोडून ठेवायचे. पाण्याच्या आवाजाने काही क्षण घुरघुर थांबायची आणि तेवढ्यात तपासून घ्यायचे. भीतीने घुसमटणाऱ्या मांजराला तपासणंसुद्धा धोक्याचं असतं हेही त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या भेटींच्या आधी घरीच द्यायला गॅबापेंटिन लिहून दिलं. त्याने मनी शांत राहायला लागली आणि तपासणीला अर्थ आला. पण खरा उपयोग झाला तो फोनवरच्या चित्रफितींचा. बाजूने घेतलेली, तोंड आणि बरगड्या दोन्ही दिसतील अशी, पुरेशा उजेडातली, एखाद्या मिनिटाची चित्रफीत. ती बघितल्याबरोबर डॉक्टर म्हणाले, "हा खोकलाच आहे." श्वासाचा आजार असलेल्या मांजराबरोबर राहणाऱ्या कोणालाही पहिली गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन.

मोजणं

झोपलेल्या मांजराची छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजायचे आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. निरोगी मांजर गाढ झोपेत मिनिटाला ३०पेक्षा कमी श्वास घेतं. बरीचशी मांजरं विशीच्या आसपास असतात. पाय हलवत, मिशा थरथरवत स्वप्नात असलेलं मांजर मोजायचं नाही, घुरघुरणारंही नाही, नुकतंच खेळून पडलेलंही नाही. मनीचे आकडे ३२ ते ३८ यायचे.

सुरुवातीला घरात ज्याला त्याला मोजायची घाई. दर तासाला कोणीतरी तिच्याजवळ वाकलेलं, मग ती जागी व्हायची, मग आकडा वाढायचा आणि त्या वाढलेल्या आकड्याने पुन्हा सगळ्यांची झोप उडायची. शेवटी नियम केला: सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि मोजणारी व्यक्ती एकच. बाकी वेळी तिच्याकडे मांजर म्हणून बघायचं. एकटा आकडा फारसं सांगत नाही. रोज एकाच पद्धतीने घेतलेल्या आकड्यांची ओळ मात्र खूप सांगते, आणि औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायला पुढे आम्हाला तीच उपयोगी पडली.

तपासण्यांची पहिली फेरी

इथे मी भराभर जाते, कारण प्रत्येक तपासणीचं उत्तर जवळपास सारखंच होतं. रक्ताची तपासणी: इओसिनोफिल (ॲलर्जीत किंवा कृमींमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वरच्या मर्यादेला टेकलेल्या, बाकी ठीक. छातीचा एक्स-रे: श्वासनलिकांच्या भिंती किंचित जाड दिसतात, वयामुळेही असू शकेल. हृदयाची सोनोग्राफी: ठीक. ही तपासणी टाळू नये असं डॉक्टरांचं ठाम म्हणणं होतं. मांजरांमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो, त्यात हृदयाचा वेगळा आवाज ऐकू येईलच असं नसतं, आणि हृदय आतून कमकुवत असताना स्टेरॉइड दिलं तर ते कोलमडू शकतं. डासांमधून पसरणाऱ्या हृदयकृमींसाठी अँटिजेन आणि अँटिबॉडी अशा दोन्ही चाचण्या झाल्या, कारण मांजरात हे कृमी इतके थोडे असतात की एकटी अँटिजेन चाचणी त्यांना चुकवू शकते. दोन्ही नकारात्मक. फुफ्फुसकृमींसाठी विष्ठेची खास तपासणीही नकारात्मक. पण अळ्या रोज पडत नाहीत, म्हणून फेनबेंडाझोल या कृमिनाशकाचा कोर्स तरीही दिला. फरक नाही.

मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग असेल या शंकेने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. हे औषध मांजराला कोरडं गिळवू नये. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होऊन नळी आकसू शकते. म्हणून प्रत्येक गोळीमागोमाग सिरिंजने थोडं पाणी किंवा लगेच पातळ खाणं द्यावं लागतं. कोर्स पूर्ण झाला. शेंबूड थोडा पातळ झाला, खोकला जिथल्या तिथे.

आता एक सोपी वाट समोर होती: दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन. त्याने खोकला बहुधा थांबला असता. डॉक्टरांनी दोन कारणांनी नको म्हटलं. एक, ते इंजेक्शन एकदा दिलं की परत घेता येत नाही; मधुमेह किंवा हृदयावर ताण असं काही उद्भवलं तर औषध आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. दोन, स्टेरॉइड चालू असताना फुफ्फुसातल्या पेशींची तपासणी केली तर ती फसवी येते, कारण दाहाच्या, म्हणजे सूज आणणाऱ्या, पेशी आधीच कमी झालेल्या असतात. पुढची मोठी तपासणी करायची असेल तर ती स्टेरॉइडच्या आधी. मनी तोवर खात होती, खेळत होती, तिला थोडं थांबणं परवडणार होतं. घुसमटत असती तर आधी उपचार आणि निदान मागाहून, असाच क्रम लागला असता आणि तोच बरोबर ठरला असता.

भूल द्यायची की नाही

मोठी तपासणी म्हणजे एकाच भुलेत सीटी स्कॅन, नाकातून दुर्बीण, आणि श्वासनलिकेत थोडं सलाईन सोडून ते परत खेचून त्यातल्या पेशी बघणं. श्वास आधीच बिघडलेल्या मांजराला भूल देणं ही लहान गोष्ट नाही. घरात यावर वाद झाला. आई म्हणाली, "नुसतं नाव कळावं म्हणून तिला आत पाठवायचं का?"

डॉक्टरांनी याचं जे उत्तर दिलं ते या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे असं मला वाटतं. ते म्हणाले, प्रत्येक तपासणीच्या आधी दोन प्रश्न विचारा. उत्तर 'हो' आलं तर आपण काय वेगळं करू? 'नाही' आलं तर काय वेगळं करू? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी मांजरासाठी नाही, आपल्या मनासाठी आहे. सीटीच्या बाबतीत उत्तरं वेगळी होती. नाकामागे मांसाची गाठ सापडली तर ती काढता येते. लिम्फोमा हा कर्करोग सापडला तर उपचार पूर्ण वेगळे. क्रिप्टोकॉकससारखी बुरशी सापडली तर तिच्यासाठी औषध आहे, आणि अशा वेळी स्टेरॉइड देणं घातक. दाताच्या मुळाशी गळू असेल तर दात काढून नाक सुटू शकतं. एवढ्या शक्यता उपचार बदलणाऱ्या असल्यावर भुलेची जोखीम घेण्याला अर्थ होता. आईला ते पटलं. तिने नंतर कधी तो विषय उकरला नाही.

निकाल असा आला. नाकात गाठ नाही, बुरशी नाही, दात ठीक. नाकाच्या आतली नाजूक हाडं काही ठिकाणी झिजलेली, आवरणाला जुनाट दाह. पिल्लूपणीच्या सर्दीशी हे जुळतं. त्या वयातला मांजरांचा हर्पिस विषाणू नाकाची ही रचना कायमची बिघडवू शकतो आणि पुढे आयुष्यभर चेतापेशींमध्ये सुप्त राहतो. ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. खाली फुफ्फुसात श्वासनलिकांच्या भिंती जाड, कुठेही गाठ नाही. धुवणात, म्हणजे परत खेचलेल्या सलाईनमध्ये, इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दोन्ही वाढलेल्या, जंतूंची वाढ नाही.

दम्यात इओसिनोफिल वाढतात, दीर्घकालीन ब्राँकायटिसमध्ये न्यूट्रोफिल. मनीमध्ये दोन्ही. निरोगी मांजरांच्या धुवणातही काही इओसिनोफिल सापडतात, त्यामुळे नुसत्या त्या पेशींवरून दमा म्हणता येत नाही. कागदावर शेवटी लिहिलं गेलं: "श्वसनमार्गाचा दीर्घकालीन मिश्र दाह, कारण अनिश्चित."

भुलेतून उठल्यावरची रात्र जड गेली. तिला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवावं लागलं आणि घरी यायला अपेक्षेपेक्षा उशीर झाला. म्हणूनच फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासण्याची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही तेच दोन प्रश्न विचारले. मिश्र दाहाचं आणखी बारीक नाव कळलं असतं, औषध मात्र तेच राहिलं असतं. तिथे थांबलो.

या टप्प्यावर "काहीच कळलं नाही" असं म्हणायचा मोह होतो, आणि मी तो अनेकांच्या बोलण्यात ऐकलाय. मला ते खरं वाटत नाही. कर्करोग नाही, गाठ नाही, बुरशी नाही, हृदय ठीक, द्रव नाही, कृमींची शक्यता फार कमी: ही यादी म्हणजेच माहिती आहे. तिच्या जोरावर स्टेरॉइड निर्धास्तपणे देता आलं. ही यादी हातात नसताना तेच औषध देणं म्हणजे अंधारात पाऊल टाकणं झालं असतं.

उपचार हीच चाचणी

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मांजराला प्रेडनिसोन नव्हे, प्रेडनिसोलोनच हवं. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर मांजराच्या शरीरात नीट होत नाही. डॉक्टरांनी आधीच अट घातली होती: ठराविक मुदतीत खोकला आणि झोपेतले श्वास दोन्ही स्पष्ट कमी झाले नाहीत, तर औषध वाढवत न बसता पुन्हा विचार. ही मुदत आधी ठरवणं फार मोलाचं असतं. नाहीतर जरा बरं वाटलं की 'अजून थोडे दिवस' असं म्हणत औषध वर्षभर चालू राहतं आणि त्याचा उपयोग झाला की नाही ते कोणालाच सांगता येत नाही.

उपयोग झाला. आकडे तिशीखाली आले, खोकला जवळपास थांबला. पण त्याच सुमारास डावा डोळा लाल झाला, पाणी आणि शिंका वाढल्या. फुफ्फुसांना शांत करणारं औषधच नाकातल्या जुन्या विषाणूला मोकळीक देत होतं. या प्रकरणातली सगळ्यांत अवघड गाठ हीच. खालचा श्वास सुधारायचा तर वरचा बिघडतो. वरचा सांभाळायचा तर खालचा.

डोळ्यासाठी फॅमसायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध दिलं आणि तो शांत झाला. लायसिन या अमिनो आम्लाची पूड द्या असं अनेकांनी सुचवलं होतं. पण मांजरांच्या हर्पिसवर लायसिनचा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात निघाला आहे, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही. खऱ्या गाठीवरचा उपाय होता स्टेरॉइड अंगभर न देता थेट श्वासनलिकेत पोचवणं. म्हणजे इनहेलर.

मुखवट्याची सवय

माणसांचा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा फवारा, त्याला जोडलेली लांब नळी आणि तिच्या टोकाला मांजराच्या तोंडावर बसणारा मऊ मुखवटा, असं हे साधन. औषधापेक्षा सवयीवर जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. घाई करून एकदा जबरदस्ती केली की मांजर ती नळी दिसताच पलंगाखाली जातं आणि मग महिने वाया जातात.

आम्ही नळी आधी नुसती तिच्या खाण्याजवळ ठेवून दिली. मग मुखवट्याच्या आतल्या काठाला तिला आवडणारं ओलं खाणं लावलं, म्हणजे नाक आत घालणं हा तिचाच निर्णय होता. ते अंगवळणी पडल्यावर क्षणभर मुखवटा धरायचा आणि ती मागे सरकायच्या आत आपणच काढायचा. हे 'आपणच आधी काढणं' फार कामाचं ठरलं. तिला कळलं की ही गोष्ट संपते. फवाऱ्याचा फुस्स आवाज तिच्यासाठी सापाच्या फुत्कारासारखा होता, म्हणून तो आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग जवळ, मग नळीत. सगळं जमल्यावर क्रम असा बसला: फवारा हलवायचा, आधी मुखवटा नीट बसवायचा, मग दाबायचं, आणि नळीवरची झडप हलताना बघत सात ते दहा श्वास मोजायचे. लगेच बक्षीस.

मनीच्या बाबतीत एक जास्तीची पायरी लागली. मांजरं नाकाने श्वास घेतात, आणि तिचं नाक भरलेलं असेल तर औषध तिथेच अडकतं. म्हणून आधी काही मिनिटं साध्या सलाईनची वाफ नेब्युलायझरने, बंद पेटीत नव्हे तर तिच्या आवडत्या कोपऱ्यात, यंत्र शेजारी ठेवून. नाक पुसलं की इनहेलर. हे कोणी सांगितलं नव्हतं. नाक मोकळं असलेल्या दिवशी झडप जोरात हलते आणि चोंदलेलं असताना जेमतेम, हे बघून आईनेच काढलं आणि डॉक्टरांनी मान्य केलं.

फ्लुटिकासोनचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढा काळ गोळ्याही चालू ठेवून मग हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, कमी केल्या. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं. ऐन झटक्यासाठी साल्ब्युटामॉलचा वेगळा फवारा घरात आहे, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या जागी. तो काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो, पण दाह कमी करत नाही, आणि रोज वापरला तर उलट दाह वाढू शकतो. त्याची गरज वारंवार पडायला लागली तर अर्थ एवढाच की रोजचा उपचार कमी पडतोय.

घर

घरातले बदल एका वेळी एकच केले, आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन आठवडे दिले. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने फरक पडला ते कधीच कळलं नसतं. मातीची धुळकट वाळू काढून कमी धुळीची, बिनवासाची आणली आणि पेटीचं झाकण काढलं. खोकला दिसण्याइतका कमी झाला. खोलीतले सुगंधी फवारे बंद केले. शिंका कमी झाल्या. पडदे वारंवार धुतले, त्याने काहीच झालं नाही, तर तो आग्रह सोडला. घरात तंबाखूचा धूर नव्हताच. असता तर तो सगळ्यांत आधी थांबवावा लागला असता. डास पळवणाऱ्या कॉइलचंही तेच.

वजन हा मोठा बदल, आणि सगळ्यांत संथ. छातीभोवतीची चरबी श्वासाला जागा देत नाही. पण जाड मांजराला एकाएकी उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी साठून जीवावर बेततं, म्हणून दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या फार तर एक टक्का घट, त्याहून जास्त नाही. ४.८ किलोपर्यंत यायला वर्ष गेलं. याच कारणाने, नाक बंद असताना ती खात नसेल तर तिकडे कानाडोळा करता येत नाही. वास आला नाही की मांजर खात नाही. खाणं थोडं कोमट केलं की वास उठतो आणि ती पुन्हा ताटलीकडे येते. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना.

आणि घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल स्पष्ट सांगते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कापूर-मेंथॉलचे बाम, निलगिरीचं आणि टी ट्रीचं तेल, माणसांची नाक मोकळं करणारी औषधं, यांतलं काहीही मांजराच्या जवळ नको, अगदी वाफाऱ्यातसुद्धा.

वाईट रात्रीसाठीचा कागद

फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. मध्यरात्री डोकं चालत नाही, म्हणून निर्णय दिवसा घेऊन ठेवले. तोंड उघडून श्वास, झोपेत ४०च्या वर आणि पोटाचा जोर, हिरड्या करड्या किंवा निळसर, कुशीवर न पडता कोपरं बाहेर काढून मान ताणून बसणं: यांतलं एकही दिसलं तर वाट बघायची नाही. कुत्रं धापा टाकतं तसं मांजराने टाकणं साधं नसतं. साल्ब्युटामॉल एकदा द्यायचं, पण ती झटत असेल तर तेही नाही. कवेत घट्ट धरायचं नाही, पाणी पाजायचं नाही. निघायच्या आधी फोन, म्हणजे ऑक्सिजन तयार राहतो. वरून उघडणारी पेटी कायम बाहेरच, आत तिची चादर, त्यामुळे तिला ओढून काढावं लागत नाही.

या कागदाचा वापर करावा लागला आहे. एका रात्री ती तोंड उघडून बसली, आणि कोणी कोणाला विचारत बसलं नाही. एकीने फोन केला, दुसरीने पेटी उचलली. तिथे तिला आधी ऑक्सिजनमध्ये एकटं सोडलं, सुई-तपासणी सगळं नंतर. सकाळपर्यंत ती सावरली.

माणसांचं काय

आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांवरचा ताण ही वेगळी अभ्यासाची गोष्ट आहे. मेरी बेथ स्पिट्झनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली 'व्हेटरिनरी रेकॉर्ड'मध्ये दाखवून दिलं की दीर्घ किंवा जीवघेण्या आजाराच्या प्राण्यांची काळजी घेणाऱ्यांमध्ये ताण, नैराश्य आणि चिंतेची लक्षणं जास्त आढळतात. आमच्या घरात ते दिसलं ते झोपेत. श्वासाच्या आजारात शांततासुद्धा भीतीची होते. आवाज आला तरी जाग, थांबला तरी जाग. निदान असतं तर किमान पुढे काय होणार याचा अंदाज असता. तो नसणं हा वेगळाच भार आहे, आणि "मांजरच तर आहे" असं म्हणणाऱ्यांना तो समजावता येत नाही. मी समजावणं सोडलं.

उपाय साधा निघाला: रात्रींची वाटणी. ज्या रात्री आईची पाळी, त्या रात्री मी दार लावून दुसऱ्या खोलीत झोपते, आणि आई बोलावेपर्यंत उठत नाही. आईला हे सुरुवातीला निर्दयपणाचं वाटलं. पण दोघीही खचलो तर इनहेलर कोण देणार?

जगण्याचा दर्जा तोलायला आम्ही ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांची सात मुद्द्यांची मोजपट्टी वापरतो. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. ७०पैकी ३५च्या वर असेल तर जगणं सुसह्य समजायचं. वेदनेच्या मुद्द्यातच श्वास धरलेला आहे, आणि व्हिलालोबोस त्याला सगळ्यांत वर ठेवतात. मला ते अगदी योग्य वाटतं. मांजर तीन पायांवर आनंदात राहू शकतं, एका डोळ्याने राहू शकतं. हवेसाठी झगडत मात्र राहू शकत नाही. म्हणून आईने आणि मी बेरजेशिवाय एक अट वेगळी लिहून ठेवली आहे: औषध पूर्ण चालू असताना विश्रांतीतही सलग पोटाने श्वास ओढावा लागत असेल, तर बेरीज कितीही येवो, डॉक्टरांशी निरोपाचं बोलणं सुरू करायचं. ते लिहिताना आई रडली. पण लिहिलं तिनेच.

सध्या

झोपेतले श्वास २४ ते २८. खोकला क्वचित, तोही धूळ उडाली तर. घोरणं कायम आहे. झिजलेली हाडं परत येत नाहीत. फ्लुटिकासोन १२५ मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, गोळ्या बंद. डोळा वर्षात एकदा पुन्हा लाल झाला आणि निवळला. रक्तातली साखर वर्षातून दोनदा, हृदयाची सोनोग्राफी एकदा.

फाईल बंद केलेली नाही. नाकाच्या एकाच बाजूने रक्त, चेहऱ्यावर सूज, खाऊनही वजन उतरणं, किंवा इनहेलर चालू असताना आकड्यांची ओळ वर सरकणं, यांतलं काही झालं तर सीटी पुन्हा, कारण तेव्हा त्या दोन प्रश्नांची उत्तरं पुन्हा वेगळी होतील.

सध्या प्रश्न आहे इनहेलर दिवसातून एकदाच देऊन बघायचा का हा. डॉक्टर म्हणतात, कमीत कमी औषधावर ती कुठे टिकते ते कळायला हवं. आई म्हणते, चाललंय ते का मोडायचं. हवा बदलण्याच्या दिवसांत तिचा त्रास वाढतो, हे वहीवरून दिसतंय. म्हणून ते दिवस जाऊ द्यायचे, मग संध्याकाळचा फवारा थांबवून बघायचा, आणि आकडे सलग ३०च्या वर गेले तर त्याच दिवशी पुन्हा सुरू करायचा, असं तिघांच्या मते ठरलं आहे.